कोकणातले सहा दिवस

मी खरं कोकण अजून पाहिलेलं नाही. पण गेली आठ वर्षं रोज सकाळी साडेनऊला मी कोकणात जाऊन येते. धाराशिव सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की एका औषध कंपनीचं संशोधन केंद्र आहे, तिथं माझी नोकरी. केंद्राच्या मागच्या अंगाला कपाटापेक्षा मोठी आणि न्हाणीघरापेक्षा लहान अशी एक बंद खोली आहे. आत बारा महिने चाळीस अंश उष्णता आणि पंचाहत्तर टक्के दमटपणा. नव्या गोळ्या तिथं ठेवायच्या आणि टिकतात का ते बघायचं. कागदोपत्री तिला चेंबर म्हणतात. पण आम्ही सगळे मराठवाड्याचे, उन्हाळ्यात ओठ फुटणारे. इतका ओलावा आम्हाला एकाच मुलखाचा ऐकून माहीत, म्हणून कुणीतरी तिचं नाव कोकण पाडलं. "सर कुठं आहेत?" "कोकणात गेलेत." नव्याने आलेल्या माणसाला आधी वाटायचं, इथं रजा बऱ्या मिळतात.

त्या खोलीत काळ घाईत असतो. आतले सहा महिने म्हणजे बाहेरची दोन वर्षं, असं आम्ही धरून चालतो. दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि क्षणभर काहीच दिसायचं नाही. मी तशीच उभी राहायची. काट्यांवरचे आकडे वाचायला एक मिनिट पुरतं, मी चार मिनिटं लावायची. माझ्या गावी, माकणीला, लहानपणी धरणाच्या काठाला थंडीत असं धुकं उतरायचं आणि पलीकडचं गाव नाहीसं व्हायचं. आपण इथंच महिनाभर राहिलो तर बाहेर गेल्यावर केस पांढरे झाले असतील का, असले विचार मनात यायचे. मग वाटायचं, आमच्यातल्या एकेकाला इथं बाटलीत घालून ठेवलं, तर कोण सहा महिने तग धरेल आणि कोण तिसऱ्याच महिन्यात पिवळं पडेल? स्वतःबद्दल मला फारशी खात्री नव्हती.

कारण बाहेरही आम्ही पिवळेच पडत होतो. आठ वर्षांत चार औषधांवर मी काम केलं आणि चारातलं एकही फाटकाबाहेर गेलं नाही. दीड-दोन वर्षं झटायचं, मग एका सोमवारी वरून निरोप यायचा की आता प्राधान्य बदललं. फायली कपाटात, कपाटाला कुलूप. का, ते कुणी सांगायचं नाही. कामाने माणूस थकत नाही. काम असं गुपचूप कपाटात गेलं की थकतो. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी आमच्या टेबलावर भांडणं व्हायची, गोळीत स्टार्च किती घालावा यावरून. नंतर नंतर सगळे मोबाइलमध्ये बघत भाकरी खायचे. खिडक्या उघडत नाहीत. काचेपलीकडून मेंढरांचा कळप आवाज न करता सरकत जायचा आणि आम्ही तो संपेपर्यंत बघत राहायचो.

आमचे साहेब साबणाच्या कंपनीतून आलेले. माणूस दुष्ट नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यांना नाराज चेहरा सहन व्हायचा नाही, एवढंच. त्यांनी हजेरीच्या यंत्राशेजारी तीन बटणं बसवली. हिरवं म्हणजे आज मी आनंदात, पिवळं म्हणजे बरा, लाल म्हणजे उदास. पहिल्याच आठवड्यात एकाने लाल दाबलं. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून तासभर आनंदी कसं राहावं ते समजावलं, आणि त्याचं त्या दिवसाचं काम त्याला संध्याकाळी थांबून करावं लागलं. त्यानंतर सगळं केंद्र हिरवंगार.

आणि आमचे सर. पंचावन्न पार केलेले, तेरहून रोज एसटीने येणारे. मला काम त्यांनी शिकवलं. सगळ्यांना ते अहोजाहो करायचे, मलासुद्धा, मी त्यांच्या लेकीच्या वयाची असून. पहिल्या दिवशी त्यांनी मला गोळीबद्दल काही सांगितलं नाही, रेघेबद्दल सांगितलं. नोंदीत चूक झाली तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, मग सही, तारीख, आणि कारणाच्या रकान्यात कारण. "पान लई स्वच्छ दिसलं की मला संशय येतो बघा," ते म्हणायचे. ही रेघ त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की पुतणीच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकीची छापली गेली तेव्हा त्यांनी बसून साऱ्या पत्रिकांवर एकेक रेघ मारली, शेजारी बरोबर वेळ लिहिली आणि खाली सही, तारीख, कारण. पाहुण्यांना वाटलं, नवरीकडचं कुणीतरी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे.

सरांची एक गोळी होती. आमच्यात तिला सरांची गोळी असंच म्हणत. जिभेवर ठेवली की पाण्याशिवाय विरघळणारी, म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यांच्या आईला अर्धांगवायू झाल्यापासून गिळता येत नव्हतं, त्यातून ते सुचलेलं. अशा गोळ्या बाजारात आहेत, पण त्यांच्या आईला लागणाऱ्या औषधाची नव्हती, कारण ते फार कडू आणि पाण्याला फार हळवं. तीन वर्षं सर त्याच्या मागे होते. कोकणात ती गोळी तीन महिने टिकली, चार टिकली, पाच टिकली. पाचव्या महिन्यात सर जेवणाच्या टेबलावर पुन्हा स्टार्चवरून भांडले, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग कोकण बिघडलं. दमटपणा राखणारा भाग दिवाळीपासूनच कुरकुर करत होता. सरांनी दुरुस्तीसाठी साहेबांना तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, पुढच्या तिमाहीत बघू. आकडे छापणारं यंत्र त्याआधीच बंद पडलेलं, म्हणून मी ते हाताने लिहायची. संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात सहा दिवस काटा नव्वदच्या वर राहिला. एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. मी सहाही दिवस खरे आकडे लिहिले. सातव्या दिवशी दुरुस्ती झाली, पण सरांच्या गोळ्या तोवर फुगून पिवळ्या पडल्या होत्या. त्यात गोळीचा दोष नव्हता. ते सहा दिवस कागदावर होते तोवर सरांना नव्याने सहा महिने मागता आले असते.

साहेबांनी मला बोलावलं. समोर माझं त्या महिन्याचं पान होतं. बाहेरचे तपासनीस येणार होते आणि दुरुस्ती का लांबली हे त्यांनी पहिलं विचारलं असतं.

"मॅडम, हे पान जरा नीट करून घ्या," साहेब म्हणाले.

"नीट म्हणजे?"

"कोरा कागद घ्या. चेंबर ठीकच होतं. गोळी कच्ची निघाली. रिसर्चमध्ये होतं असं. आणि तुमच्या प्रमोशनचं मी वर बोललोय, ते लक्षात आहे माझ्या." ते हसले. खरंच प्रेमाने हसले.

मी नाही म्हणाले नाही. माझ्या जागेवर जाऊन कोरा कागद घेतला, बाकीचे दिवस उतरवून काढले आणि सहा दिवसांच्या पुढे पंचाहत्तर, पंचाहत्तर लिहीत गेले. दोन ठिकाणी चौऱ्याहत्तर टाकलं, खरं वाटावं म्हणून. आज हे लिहिताना लाज वाटते ती त्या दोन चौऱ्याहत्तरांची जास्त. जुना कागद फाडून टाकायचा होता. पण आमच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर हात कागद फाडायला तयार होत नाही. मी तो चार घड्या करून डब्याच्या पिशवीत टाकला.

पान तपासल्याची सही सरांनी करायची असे. त्यांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. सबंध महिन्यात एकही रेघ नव्हती.

"अक्षर छान आलंय," ते म्हणाले, आणि सही करून निघून गेले.

पंधरा दिवसांत सरांची गोळी कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यापुढे उभं राहून हिरवं बटण दाबलं. त्या दिवसांत मला एकच स्वप्न पडायचं. माकणीच्या धरणावर पांढऱ्या गोळ्या तरंगत असायच्या, टिपूर चांदणं पडल्यासारख्या, आणि मी वाकून हात लावला की विरघळून जायच्या. पाणी मात्र पिवळं व्हायचं नाही. उठल्यावर डब्याच्या पिशवीतला तो कागद चाचपून बघायची.

होळीच्या आधीच्या रविवारी मी तेरला गेले. कागद बरोबर घेतला. तेरला शेत नांगरलं तरी हजार-दोन हजार वर्षांची खापरं वर येतात, तिथली माती काही पुसून टाकत नाही. सरांचं घर नदीच्या बाजूला. ते ओसरीत बसून दोन चमच्यांच्या मध्ये आईची गोळी दाबून तिचा भुगा करत होते. आई बाजेवर टेकून बसलेली.

"कोन आलंय?" तिने विचारलं.

"आमच्या हापिसातल्या मॅडम हायत, माय."

"बस की लेकरा." मग सरांकडे बघून ती सावकाश म्हणाली, "तू ती गोळी करायलावता की. जिभीवर ठिवायची. झाली का न्हाय?"

"व्हायलीय," सर म्हणाले. त्यांनी भुगा गुळाच्या पाण्यात कालवून तिला पाजला. अर्धा ओठातून बाहेर आला, तो पंच्याने टिपला. कडू तोंड करून ती पुन्हा टेकली.

मी पिशवीतून कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी घड्या उलगडल्या, एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णववरून बोट फिरवलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "मग सही का केली?"

सरांनी कागद मांडीवर ठेवून त्याच्या घड्या तळहाताने सपाट केल्या.

"मीबी भ्यालो की," ते म्हणाले. "दोन वर्षं राहिलीत माझी रिटायर व्हायला. आईचं असं. म्हणलं, जाऊ द्या. पोरगी लिहिलीय, तिची नोकरी तरी राहील. पण ते आपलं म्हणायला. भ्यालतोच."

मला रडू आलं. मी त्यांना विचारलं, आता दुरुस्त करता येईल का, फार उशीर झालाय.

"उशिराचं काय न्हाय," सर म्हणाले. एकदम आमचे सर झाले ते, पहिल्या दिवसाचे. "फक्त तारीख आजची टाका. मागची टाकू नका."

सोमवारी कोकणातून आल्यावर मी ते स्वच्छ पान काढलं. सहा आकड्यांवर सहा रेघा मारल्या, पंचाहत्तर आणि चौऱ्याहत्तर नीट वाचता येतील अशा. शेजारी खरे आकडे लिहिले, जुना कागद मागे जोडला, सही केली, त्या दिवसाची तारीख टाकली. कारणाच्या रकान्यात सगळे नेहमी 'नजरचूक' लिहितात. माझा पेन तिथं थांबला. साहेब काय करतील, माझी नोकरी राहील का, सरांच्या गोळीला पुन्हा सहा महिने मिळतील का, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, 'भिऊन लिहिले होते.'

पान सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, सहाही ओळी वाचल्या, रकानाही वाचला. मग पानाच्या तळाशी स्वतःच्या जुन्या सहीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी नवी सही केली, तारीख टाकली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वरीलप्रमाणे.'