‘झालर’च्या कव्हरवरची बिनचेहऱ्याची बाई

माझ्या आईचा चेहरा कापणारी बाई आज सकाळी गेली.

वसुधाताई. ‘झालर’ मासिकाच्या संस्थापक आणि संपादक.

सकाळपासून फोनवर एकच मेसेज फिरतोय. ‘खेड्यातल्या बाईला चेहरा देणारी संपादक.’

आणि सोबत ‘झालर’चं ते जुनं कव्हर. मानेखाली लुगडं, मानेच्या वर साडीच्या दुकानाची जाहिरात.

लोक कमेंट करताहेत, ‘त्या काळात काय कल्पक डिझाईन!’

डिझाईन नव्हतं हो ते. ती माझी आई होती. भागीरथी.

बहात्तरच्या दुष्काळात मी नुकतीच बी.ए. झाले होते. शेवगावजवळच्या आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची.

नगरला वसुधाताई भेटल्या. शाळेतली नोकरी सोडून एकटीच्या हिमतीवर त्यांनी मासिक काढलं होतं. कपडे, दागिने, नाटक, जत्रा, सगळं त्यात. मुंबईच्या फॅशनचं मात्र एकही पान नाही.

कॅमेरा जेवणाच्या पिशवीत घालून त्या एस.टी.नं राजूरच्या बाजाराला जायच्या. बायकांना विचारायच्या, ‘हे कानातलं कुणी घडवलं?’

जिचा फोटो, तिचं पूर्ण नाव खाली छापायचं. हा त्यांचा नियम.

‘मॉडेल नाही शकू, माणूस,’ म्हणायच्या.

मी त्या एका वाक्यासाठी त्यांच्याकडे काम धरलं.

एकदा मी त्यांना सांगितलं, खडी फोडणाऱ्या बायका लुगडं वेगळंच नेसतात. काष्टा उंच. धूळ लागू नये म्हणून पदर डोक्यावरून घेऊन मागे गाठ.

ताई खुर्चीतून उठल्याच. ‘हेच आपलं कव्हर!’

मी ताईंना आमच्या घरी नेलं. आई हसत सुटली. ‘माजा फुटू? ह्या रापलेल्या थोबाडाचा? बाई, तुमचं पुस्तक कोन घेनार न्हाई!’

‘मावशी, मला तुमचाच चेहरा पाहिजे,’ ताई म्हणाल्या.

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं आणि कामावर नेसायची तसंच नेसली. कुंकू पुन्हा ठसठशीत लावलं. कामावर बाकीच्या बायका हातातली खडी टाकून भोवती उभ्या.

‘भागे, दात दाव की!’

‘दावते. तुज्यावानी किडकं न्हाईत माजं!’

त्या हसण्यातच ताईंनी बटण दाबलं.

पुढचे कितीतरी दिवस आई दिसेल त्याला सांगत होती. मुकादमालासुद्धा.

अंकांचा गठ्ठा एस.टी.नं शेवगावला आला. मी तो न फोडताच कामावर नेला. पहिला अंक आईनंच बघायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आईनं अंक हातात घेतला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

‘शके, लुगडं माजं हाय. मी कुटं हाय?’

चेहऱ्याच्या जागी दुकानाचं नाव. खाली, आईच्या नावाच्या जागी, ‘लग्नसराईसाठी खास’.

सोबत खडी फोडणारी माझी आत्या उसळली. ‘माजा भाऊ जित्ता हाय, आन् ह्यांनी हिला बिनकुंकवाची छापली?’

आईनं अंक माझ्या हातात दिला आणि हातोडी उचलली.

मी त्याच दिवशी नगर गाठलं. ताईंनी काही लपवलं नाही.

‘दुकानदार म्हणाले, लुगडं छान आहे, चेहरा रापलेला आहे. छपाईचा ब्लॉक मानेपासून खालचाच करा. जाहिरात नसती तर अंक निघाला नसता, शकू.’

‘मग नसता निघाला.’

‘मासिक जगलं तर पुढं कितीतरी बायकांचे चेहरे छापता येतील.’

‘आईला काय सांगू?’

त्या प्रूफ वाचत होत्या. मान वर केली नाही.

‘सांग, ब्लॉक बिघडला.’

चेहरा कापला ते कदाचित मी कधीतरी गिळलं असतं. पण माझ्याच तोंडून माझ्या आईशी खोटं बोलायला सांगितलं, ते नाही.

मी काम सोडलं. आईला खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘मी म्हनलं न्हवतं व्हय?’

मासिक जगलं. पुण्याला गेलं, रंगीत झालं. ताईंनी पुढं खरंच अनेक बायकांचे चेहरे नावासकट छापले. त्यांतल्या काहींचं आयुष्य त्यानं बदललं. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं.

निगेटिव्ह मागायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा उत्तर एकच. ‘सापडत नाही गं.’

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिचा तरुणपणीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. माझ्या नातीला पणजी कशी दिसायची हे मी हातवारे करून सांगते.

ताईंचे जुने फोटो ज्यांच्याकडे आहेत, त्यांना विनंती. एकदा बघा.

पदराची मागे गाठ मारलेली, उन्हात रापलेली, तोंडभर हसणारी एक बाई असेल. सापडली तर मला कळवा. मी कुठूनही न्यायला येईन.

वसुधाताई, मला लिहायला तुम्ही शिकवलंत. तुम्हाला श्रद्धांजली.

भावपूर्ण म्हणवत नाही.