दिंडोरीच्या पॅकहाऊसमधले दोन हंगाम

रेडिओवरची नोकरी गेली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. सकाळचा कार्यक्रम नऊ वर्षं केला होता. एके दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून कार्यक्रम मुंबईहून येणार. नाशिकला फक्त जाहिरातींचं काम राहणार होतं आणि त्यात माझी जागा नव्हती.

काही महिने घरीच होते. मग नवऱ्याच्या ओळखीतून दिंडोरीजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम मिळालं. बायका टेबलाशी उभ्या राहून घडांतले खराब, बारीक मणी कात्रीने काढायच्या आणि भरलेले डबे मी तपासायचे. डोक्याला जाळी, हातात मोजे, आणि आत एवढा गारठा की पहिला आठवडा मी दोन स्वेटर घालून गेले.

आधी काय करत होते ते कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटायची. पण खरं सांगायचं तर तिथे मला बरं वाटायला लागलं, आणि त्याचं मलाच नवल वाटलं. नऊ वर्षं मी रोज सकाळी सात वाजता हसत होते. वडील दवाखान्यात होते तेव्हाही हसले होते. इथे हसा म्हणून कुणी सांगत नव्हतं. तासन्‌तास तोंड न उघडता घड बघायचे. संध्याकाळी मुलगी शाळेतलं काही सांगायला लागली की आता मी ऐकायचे. पूर्वी तिला "जरा थांब गं, घसा दुखतोय" म्हणायचे.

टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या मावशी निफाडकडच्या. एकदा डबा परत करताना मी म्हणाले, "मावशी, यातला हा घड बदलावा लागेल."

त्यांची कात्री थांबली. "तू रेडिओवरची ना गं? सकाळी बोलायचीस ती?"

नाही म्हणणार होते, पण हो म्हणून गेले.

"तरी म्हणलं आवाज वळखीचा हाय. गोठ्यात लावायचे मी रेडिओ."

मी खूश होऊन विचारलं, "आवडायचा कार्यक्रम?"

"गाणी लय चांगली असायची. पण तू लय पटपट बोलायचीस. निम्मं कळायचंच नाय. आता कशी नीट बोलतीस!"

सगळ्या टेबलाला हसू फुटलं, मलाही. नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लपवायचं काही उरलं नाही म्हणून त्या दिवशी जेवणाचा डबा खाताना मला फार हलकं वाटलं.

दुसरा हंगाम संपत आला असताना कळलं की एका संस्थेच्या छोट्या रेडिओ केंद्राला शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी निवेदक हवा आहे. मी गेले. चाचणीत द्राक्षावरच्या भुरी रोगाबद्दलचा सल्ला वाचायला दिला. मावशी समोर उभ्या आहेत असं धरून मी तो सावकाश वाचला. भुरी काय असते ते आता मला वाचून नव्हे, बघून माहीत होतं.

मग तिथल्या प्रमुखांनी विचारलं, "मधली दोन वर्षं काय केलंत?"

घरच्या अडचणी होत्या, असं उत्तर मी पाठ करून गेले होते. पण म्हणाले, "पॅकहाऊसमध्ये द्राक्षं तपासत होते."

त्यांनी चष्मा काढला. "माझं आधीचं रेडिओ स्टेशन बंद पडलं तेव्हा मी मंगल कार्यालयात स्पीकर लावत होतो. तीन वर्षं. जेवण मात्र झकास असायचं." आम्ही दोघंही हसलो. "सोमवारपासून याल?"

"हंगाम संपायला आठ दिवस आहेत. मधेच सोडून येणं बरं नाही."

"मग त्याच्या पुढच्या सोमवारी या."

खाली येऊन स्कूटरवर बसले, हेल्मेट घातलं आणि आतल्या आत रडले. वॉचमन जवळ आले. "मॅडम, गाडी चालू होत नाही का?"

"होते, होते," म्हटलं आणि बटण दाबलं.