सासू-सासऱ्यांचा रकाना

पुणे स्टेशनवर मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, डब्याबरोबर एक कागदही हातात ठेवला. तिच्या ऑफिसच्या आरोग्यविम्याचा दरवर्षीचा फॉर्म. "गाडीत भरून टाक. नाही तरी तुझंच काम आहे ते," ती म्हणाली.

खरंच माझंच काम. कंपन्या कामगारांना विमा, रजा, दवाखाना अशा सोयी देतात आणि कामगारांना त्यांचा पत्ताच नसतो. तो पत्ता सांगत मी गावोगाव हिंडतो. दौंड यायच्या आत मी मेधाचा फॉर्म भरून मोकळा झालो. गेल्या वर्षीचंच उतरवायचं होतं: ती, मी, आमची मुलगी आणि माझे आई-वडील.

वर्ध्याला सकाळी उतरलो तेव्हा छान थंडी होती. स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) घेतले. तर्री कमी की जास्त, असं पोहेवाल्यानं विचारलं. पुण्याची लाज राखायला मी "जास्त" म्हणालो आणि पुढची दहा मिनिटं नाक पुसत बसलो.

"कमी सांगाची लाज काऊन वाटते, भाऊ?" त्यानं पाण्याचा ग्लास पुढे करत विचारलं. मी पाणी घटाघटा प्यायलो आणि दुसरी प्लेट मागवली.

एसटीनं आंजी गावाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) फुटलेली, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे. बसमधल्या एका आजोबांनी मला खिडकी दिली आणि माझी बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली. इतकं सुख मला एसटीत फार दिवसांनी मिळालं. आंजीच्या अलीकडे एका सूतगिरणीच्या फाटकाशी उतरलो.

गिरणीच्या कॅन्टीनमध्ये साठेक कामगार जमले होते. मी प्रोजेक्टर लावला आणि वीज गेली. जनरेटर होता, पण तो मशिनींसाठी. माझी चाळीस रंगीत चित्रं लॅपटॉपमध्येच राहिली. मग कामगारांनी आधीच भरून दिलेले विम्याचे फॉर्मच हातात घेऊन बोलायला लागलो. संध्याकाळी ते माझ्याबरोबर पुण्याला जायचे होते. त्यानंतर वर्षभर कुणाचं नाव घालता येणार नव्हतं.

फॉर्म चाळता चाळता एक गोष्ट डोळ्यांत भरली. "आई-वडील किंवा सासू-सासरे" असा एक रकाना होता. बहुतेक बायकांनी "आई-वडील" हे शब्दच खोडले होते. काहींनी तर पुढे नुसती रेघ मारली होती. अशा रेघेचा एक कागद उचलून मी नाव वाचलं.

सुनंदाताई उभ्या राहिल्या. आठ वर्षं त्या इथं सूत गुंडाळायच्या मशिनीवर आहेत. "सासू-सासरे दोघंबी वारले, सर. मंग कोनाचं नाव लिहू?"

"आईचं लिहा की."

बायकांत खसखस पिकली. "लगन झाल्यावर मायचं नाव लिहाले भेटते काय?" एकीनं मागून विचारलं. भेटतं, मी म्हणालो, तिथं तसं छापलंच आहे. सगळ्या हसत होत्या, सुनंदाताई तेवढ्या हसायच्या थांबल्या.

"माह्या मायचे गुडघे गेले, सर. डाक्टर म्हन्ते, बदलाच लागन. दोन वर्सं झाले, घरात बसल्या जागी सरकून राह्यली ते. मी म्हनो, पुढच्या साली पाहू, पुढच्या साली पाहू. हे कागदात व्हतंच?"

होतं. आठही वर्षं होतं. हे सांगताना मलाच अपराध्यासारखं झालं.

आईचं आधारकार्ड आणि सही हवी होती. गिरणीच्या साहेबांनी सुनंदाताईंना सुट्टी दिली आणि आम्ही दोघं ऑटोनं आंजीला त्यांच्या माहेरी गेलो. म्हातारी आई ओसरीवर होती. मला पाहून ती हातांवर भार देत उंबऱ्यापर्यंत सरकत आली आणि लेकीला आधी माझं ताट वाढायला लावलं. झुणका, भाकरी आणि वर भरपूर सांबार (कोथिंबीर). मी पोटभर जेवलो. मग सुनंदाताईंनी कागद पुढे केला, काय आहे ते सांगितलं, आणि म्हातारीनं पेन बाजूला सारलं.

"लेकीच्या घरचं घेनं बरं नाई. जावई काय म्हनन?"

मी पुण्याहून आलेला तज्ज्ञ. पण याचं चित्र माझ्या चाळिसांत नव्हतं.

"हे जावयाचं नाई, माय," सुनंदाताई म्हणाल्या. "माह्यं हाये. आठ वर्सं उभी राहून काम करून राह्यली मी. त्याच्यातलं हाये हे."

म्हातारी लेकीच्या पायांकडे बघत राहिली. "लय दुखत असन तुले," ती म्हणाली आणि सावकाश सही केली. आधारवर जन्मतारीख एक जानेवारी होती. "खोटी हाये ते," तिनं मला बजावलं. "मी कापूस येचाच्या दिवसातली." कागदापुरती एक जानेवारी चालेल, म्हणालो.

संध्याकाळी वर्ध्याला गोरसपाक (इथली तुपाळ बिस्किटं) घेतला आणि खुशीत गाडीत बसलो. पाण्याची बाटली काढताना बॅगेतून मेधाचा फॉर्म बाहेर आला. रकान्यात माझ्या अक्षरात माझे आई-वडील. माझ्या ऑफिसच्या विम्यात ते दोघं आहेतच. साताऱ्याला एकटीच राहणारी तिची आई मात्र कुठंच नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला मनापासून लाज वाटली. दोन्ही नावं खोडली आणि मेधाला फोन लावला.

"आईची जन्मतारीख काय गं?"

"स्वतःच्या आईची तुला पाठ नाही?"

"तुझ्या आईची विचारतोय."

 तिनं तारीख सांगितली आणि कशाला हवी तेही विचारलं नाही.

सकाळी घरी पोचल्यावर गोरसपाकचा पुडा आणि फॉर्म दोन्ही तिच्यासमोर ठेवले. सहा वर्षं ती हा फॉर्म माझ्याकडून भरून घेते आणि खाली सही करते. या वेळी ती खुर्ची ओढून बसली, चष्मा लावला आणि सही करण्याआधी तिनं तो अख्खा वाचला.