बारकी डिस्क

कॉम्प्युटर स्लो आहे, हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास का होत नाही? व्हिडिओ अडकतात. निकालाच्या यादीत नाव का नाही? मशीन जुनं झालंय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते खरं धरलं. एक दिवस धाराशिवहून बेंबळीला घरी एसटीनं आले ते पिशवीत एक छोटं खोकं घेऊनच.

"एसएसडी म्हणत्यात हिला. ही बसवली की मशीन पळतंय. दुकानदार म्हणला, जुन्या डिस्कमधलं सगळं हाय तसं हिच्यात उतरतंय."

उतरेना. नवी डिस्क जुनीच्या निम्मीच होती. आधी काहीतरी पुसून जागा करा, असं स्क्रीनवर आलं. जुनी डिस्क आतून टकटक वाजत होती, तिच्या भरवशावर काही ठेवण्यात अर्थ नव्हता. जागा अडवणाऱ्या दोनच गोष्टी निघाल्या. एक माझी लेक्चरं, त्यातली निम्मी मी उघडलीही नव्हती. दुसरी आप्पांची गाणी. जयंतीला ते गावोगाव भीमगीतं गायचे, नळदुर्गपर्यंत बोलावणं असायचं, त्याचे व्हिडिओ होते ते. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नाही.

"गाणी काढ," आप्पा म्हणाले.

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"काढ म्हणतो ना. माझं गाऊन झालंय. तुझं अजून व्हायचंय."

मी हलेना, तेव्हा त्यांनीच माउस घेतला आणि गाण्यांचं फोल्डर निवडलं. कायमचं पुसायचं का, असं मशीननं विचारलं. यंदाच्या परीक्षेचा फॉर्म मी भरलेलाच नव्हता, आणि घरात हे कुणाला माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरला.

"आप्पा, गाणी ऱ्हाऊ द्या. लेक्चरं काढा. मी यंदा फॉर्मच भरला न्हाय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माउस सोडला, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि बाहेर जाऊन बसले. लेक्चरं मीच पुसली. बाकीचं सगळं नव्या डिस्कवर उतरलं आणि मशीन खरंच पळायला लागलं. आता मला सबबही उरली नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकांनी रस्त्यावरून आवाज दिला, "काय, पळतंय का पोरीचं मशीन? आता साहेबीण हुतीय म्हणा की!"

मी दाराआड उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"मशीन लई पळतंय," आप्पा म्हणाले. "पर म्याच डिस्क बारकी आणली. तिचा अभ्यास न्हाय मावला त्यात."