वाईच्या डब्यातली गांडुळं

लालासाहेबांनी मूठभर हळद गांडुळांच्या टबात भुरभुरली आणि गड सर केल्याच्या थाटात ते चहाला बसले. चहा संपायच्या आत खालच्या मजल्यावरून सुलाबाईंची आरोळी आली.

"आवं लालासाहेब! वरनं काय सोडलंय हे? माझ्या सांडग्यात वळवळतंय!"

गॅलरीत जाऊन बघतात तर टबाच्या काठावरून गांडुळांची पलटण खाली उतरत होती. निम्मी फरशीवर, काही पाणी जायच्या भोकातून थेट सुलाबाईंच्या वाळवणावर. उरलेली टबातच पिवळी होऊन पडली होती, हळद लागलेल्या नवरदेवासारखी. फक्त यांचं लग्न लागायची काही आशा नव्हती.

"हळद कुणी टाकाय सांगितली हुती?" संयोगिताबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. बायको म्हणून त्यांची सगळी हयात असलेच प्रश्न विचारण्यात गेली होती.

"मुंग्या झाल्या हुत्या."

"आन् मुंग्या कशानं झाल्या?"

मुंग्या गुळानं झाल्या होत्या आणि गूळ त्यांनीच घातला होता. गांडुळं सुस्त दिसतात, अंगात ताकद यायला पाहिजे, म्हणून ढेपेतला चांगला मोठा खडा.

लालासाहेब मूळचे कोरेगावकडचे. पलटणीत होते असं सांगतात, आणि ते खरंही आहे. सगळी नोकरी रेशनच्या गोदामात गेली, एवढंच सांगायचं राहतं. शत्रू म्हणून त्यांनी जवळून पाहिला तो उंदीर. पेन्शनीत आल्यावर सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडं गूळ-हळदीच्या काट्यावर उभे राहिले, आणि तिथून जगातल्या सगळ्या दुखण्यांचं ज्ञान घेऊन बाहेर पडले. अशक्तपणाला गूळ, बाकी कशालाही हळद. अडत्याच्या टेम्पोचा रेडिएटर गळत होता, तेव्हा यांनी त्यात हळद ओतून गळती थांबवली होती. एकदाच. तेवढ्या भांडवलावर माणूस जन्मभराचा तज्ज्ञ झाला.

गांडुळं आली ती वाईहून. लेक अपेक्षा तिथं दिलेली. तिचे सासरे आप्पासो परसात गांडुळखत करतात आणि त्यावर बोलतात. खतापेक्षा बोलणं जरा जास्तच निघतं. संक्रांतीला लालासाहेब लेकीकडं गेले, तेव्हा आप्पासोंनी स्टीलच्या डब्यात गांडुळं घालून पुढं केली. "न्या. तुमच्या फ्लॅटात भाजीचा कचरा लय."

आता लालासाहेबांच्या घराण्यात लेकीच्या सासरचं फुकट काही घेत नाहीत. त्यांचे वडील तर लेकीच्या गावी गेले की शेजारच्या घरी जाऊन पाणी पीत. तेव्हा हे ताठ होऊन म्हणाले, "फुकट नगं. उसनी नेतो. डबा भरून परत करीन."

आप्पासोंनी त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत बघून घेतलं. "तुमच्याच्यानं जगायची न्हाईत, पाव्हणं. हे गोदाम न्हवं, जीव हाय त्यो."

ते वाक्य एसटीत सांगलीपर्यंत लालासाहेबांच्या शेजारी बसून आलं. आणि आता रविवारी आप्पासो सांगलीत एका लग्नाला येणार होते. 'जाताजाता आमची गांडुळं बघून जातो' असा फोनही आला होता.

"मेली म्हणून सांगून टाका," संयोगिताबाई म्हणाल्या.

"त्या माणसाला? आगं, उद्या नातवाच्या बारशालाबी त्यो हाच इषय काढंल. समद्या पंगतीत!"

"काढू द्या की. खोटं कुठं हाय त्यात?"

शनिवारी सकाळी लालासाहेब खुरपं आणि पिशवी घेऊन कृष्णेच्या काठाला गेले. गळ टाकणारे जिथं माती उकरतात, तिथं पेन्शनर माणूस उकिडवा बसून उकरू लागला. घरी आणलेली गांडुळं करंगळीएवढी जाड निघाली. ती टबात सोडून त्यांनी वर ओलं पोतं टाकलं.

"येवढाली?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"गुळाचा गुण," लालासाहेब म्हणाले. स्वतःचंच खोटं स्वतःला पटायला त्यांना कधी वेळ लागत नसे.

रविवारी आप्पासो लग्नाचा फेटा तसाच डोक्यावर ठेवून आले. चहा घेतला, गॅलरीत गेले, पोतं उचललं. एक गांडूळ चिमटीत धरून त्यांनी उजेडात बघितलं.

"ही कुठली, पाव्हणं?"

"तुमचीच की. सांगलीचं पाणी मानवलं त्येंना."

"आमची लाल, काडीवानी. ही गळाला लावायची. भाजीच्या कचऱ्यात ही टिकत न्हाईत, ह्येंना माती लागती. नदीला गेलता व्हय?"

लालासाहेबांनी गोदामाच्या तपासणीला साहेब आल्यावर करायचा चेहरा केला. "हवामानानं फरक पडतो."

आत संयोगिताबाईंनी हसू दाबायला रिकामा मिक्सर सुरू केला.

आप्पासोंनी कोपऱ्यातली कलिंगडाची साल उलटी केली. तिच्याखाली दोऱ्याएवढी बारीक चार-दोन लाल गांडुळं एकमेकांना चिकटून बसली होती. त्यांनी हात नाकाशी नेला. "हळद?"

लालासाहेबांनी ओलं पोतं उगाच झटकलं.

"हळद," आप्पासो स्वतःशीच म्हणाले आणि साल अलगद होती तशी ठेवली. ती हळुवार कृती शिवी दिल्यापेक्षा वाईट होती.

निघताना लालासाहेबांनी घासून लख्ख केलेला डबा पुढं केला. आप्पासोंनी हात मागं घेतला.

"रिकामा डबा लेकीच्या सासरी धाडता व्हय? भरून देणार हुता न्हवं? ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं डबं लय हायत."

ते गेल्यावर लालासाहेब डबा मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "बेसनाचं लाडू कर. डबा भरून धाडू."

"गांडुळं ठिवलेल्या डब्यात लाडू? आदी त्यातला एक तुमी खाऊन दावा."

तेव्हापासून डबा फ्रिजवर आहे. गुळाची बरणी आणि हळदीचा डबा संयोगिताबाईंनी लालासाहेबांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या वरच्या फळीवर ठेवले आहेत. लालासाहेब रोज सकाळी कलिंगडाची साल उचलून बघतात आणि श्वाससुद्धा लागू न देता परत ठेवतात. नदीवरची पाहुणी कधीच कुजून गेली. लाल मात्र आहेत, दोन-तीन जास्तच दिसतात, पण डब्याचा तळ झाकायलाही पुरायची नाहीत.

परवा अपेक्षाचा फोन आला. "आबा, मामंजी इचारत्यात, डबा कवा येतोय?"

"सांग त्यांना," लालासाहेब टबाकडं बघत म्हणाले, "वाढत्यात म्हणावं."