चारूची वही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. चारूला तर – तिला सांगायचं काय, तिला माहीतच आहे.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा. आम्ही अमेरिकेत, ट्रॉय नावाच्या गावी राहायचो. मी बारा वर्षांची, धाकटी बहीण चारू आठ. आई पीएचडी करत होती. घरी असली तरी डोकं कागदांत. काही दाखवायला गेलं की "हं, छान" – न बघताच. ती वाईट होती का? माहीत नाही. आमच्याकडे बघायची नाही, एवढं खरं.

शाळेत चारूला मध्ययुगातली एक दंतकथा सांगितली होती. राणी मुलांकडे पाहातच नाही. कुणी तिच्यासाठी ससाणा धरून आणतो, कुणी दूरच्या विहिरीचं पाणी – ती मान वळवत नाही. ती गोष्ट चारूच्या मनाला लागली. शेजारच्या काकूंकडून ती गुपचूप मराठी अक्षरं शिकली आणि अख्खी गोष्ट आईसाठी मराठीत लिहून काढली. दोन महिने लागले.

मग ती वही मी – थांबा, नीट सांगते. शनिवारी तिनं वही टेबलावर ठेवली, आणि आईची वाट बघून बघून बाहेर बर्फात खेळायला गेली. आई आली ती मागच्या दारानं. कोटही न काढता, उभ्याउभ्या वाचू लागली. एके ठिकाणी हसली. मग माझ्याकडे बघितलं – सरळ.

"मीनू, तू लिहिलंस हे?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"हो," मी म्हटलं.

तिनं मला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून मला चारू दिसली – दारात, ओल्या बुटांत. तिनं ऐकलं होतं. आता बोलेल, आता बोलेल, असं वाटत होतं. ती बोलली नाही. झोपताना फक्त विचारलं, "आईला आवडली ना, ताई?"

त्यानंतर तिनं मराठीचं एक अक्षर काढलं नाही. आई मात्र तिथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगायची, थोरलीला मराठीची फार ओढ.

गेल्या वर्षी आई हॉस्पिटलमध्ये होती. चारू रोज तासभर ड्राइव्ह करून यायची, तिचे पाय चेपायची. एकदा आई तिला म्हणाली, "तुला मराठीचं कधी काही वाटलंच नाही गं. मीनूचं तसं नव्हतं."

"हो, आई," चारू म्हणाली आणि पाय चेपत राहिली.

मी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. आई त्यानंतर अकरा दिवस होती – पूर्ण शुद्धीत. मी रोज गेले. रोज गप्प बसले.