शेजारच्या तुकडीचा साहेब

युद्धाआधी तो चौथीच्या पोरांना गणित शिकवायचा, म्हणून आम्ही त्याला मास्तरच म्हणायचो. त्याचा सलाम बघून कवायत घेणाऱ्यांनी कपाळावर हात मारला असेल. मी प्रशिक्षणात पहिला आलो होतो. तरी दोघांनाही लेफ्टनंटचा एकच हुद्दा आणि तीस-तीस जवान मिळाले. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या या टोकाला माझी तुकडी, त्या टोकाला त्याची.

माझे जवान गुळगुळीत दाढ्या करून गप्प बसायचे. तिकडून हसण्याचे आवाज यायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. याला असं काय सोनं लागलंय, हे मला बघायचंच होतं, म्हणून मी त्याच्यावर पाळत ठेवली.

मास्तर रोज सकाळी बूट काढायला लावून एकेकाचे पाय तपासायचा. दुसऱ्याच दिवशी मीही माझ्या लोकांना बूट काढायला लावले.

"साहेब, कुणी तक्रार केलीय का?" माझ्या हवालदाराने घाबरून विचारलं.

एकाच्या टाचेला भलामोठा फोड आला होता. हलगर्जीपणाबद्दल मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तिकडे मास्तरने अशाच एका फोडवाल्याला स्वतःचे मोजे दिले होते, हे संध्याकाळी कानावर आलं. त्याचं कौतुक माझ्या कानावर यायचंच. कुणीतरी मुद्दाम मोठ्याने बोलायचं, असा माझा पक्का संशय होता.

मग एका सकाळी मेजरसाहेबांचा फोन आला. आम्हा दोघांच्या फोनची तार एकच होती, त्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू यायचं. हुकूम मास्तरला होता. दुपारी समोरचं मैदान ओलांडून शत्रूकडचं पंपघर ताब्यात घ्यायचं.

"साहेब, उघड्या मैदानातून भरदुपारी नेली तर अर्धी माणसं परत येणार नाहीत," मास्तर म्हणाला. "उद्या पहाटे कालव्याच्या आडोशाने नेतो."

"घाबरलास?" मेजर कडाडले.

"घाबरलोय, साहेब. पण पहाटेच नेतो."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता याची चांगली जिरणार! मी मध्येच तोंड घातलं. "साहेब, माझी तुकडी जाईल. आजच."

नकाशा उघडला तेव्हा हवालदाराने कालव्याच्या रेघेवर बोट ठेवलं. "इकडून नाही का जाता येणार, साहेब?"

तीसही जण माझ्या तोंडाकडे बघत होते. ती वाट बरोबर आहे हे मला कळत होतं. पण ती मास्तरची वाट होती.

"हुकूम म्हणजे हुकूम," मी म्हणालो.

मैदानाच्या मध्यावर पोचलो आणि गोळ्या सुरू झाल्या. दोघे जागीच गेले. बाकीचे आम्ही एका बुटक्या बांधाला चिकटून पडलो. तेवढ्यात कालव्याच्या बाजूने पंपघरावर मारा सुरू झाला. मास्तर कुणाला न विचारता आपली माणसं घेऊन आला होता. म्हणून आम्हाला मागे सरकता आलं. नंतर मेजरांनी धाडसाबद्दल माझी पाठ थोपटली आणि हुकमाशिवाय जागा सोडल्याबद्दल मास्तरला झापलं. ती शाबासकी मी घेतली. लाज वाटली, पण घेतली.

आठवड्याने इस्पितळात हवालदाराला भेटायला गेलो. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला होता.

"घरी अजून कळवलं नाही, साहेब. बायकोला पत्र लिहून घ्यायचंय कुणाकडून तरी."

मी खुर्ची पुढे ओढली आणि पेन काढलं.

तो ओशाळला. "तुम्ही नका त्रास घेऊ. मास्तरसाहेबांना जरा पाठवाल का? त्यांच्यापुढे रडायला आलं तरी चालतं."

मी पेन खिशात ठेवलं आणि मास्तरला बोलवायला निघालो. खरं सांगतो, जिना उतरताना मला हवालदाराच्या हाताचं वाईट वाटत नव्हतं. मला मास्तरचा हेवा वाटत होता.